उद्या बघू

मरोळच्या एका लॅबच्या गेटवर मी वॉचमन. केमिस्ट्री शिकणारी एक मुलगी इंटर्नशिप मागायला आली. आल्याआल्या म्हणाली, "मला ऑटिझम आहे, सरळ बोला." साहेब तिला म्हणाले, "उद्या बघू." तर ही रोज दहाच्या ठोक्याला हजर, सहा दिवस!

शेवटी मीच म्हणालो, "अगं येडे, बघू म्हणजे नाही!"

गेटच्या कडीकडे बघत ती म्हणाली, "मग सरळ 'नाही' का म्हणत नाहीत?"

माझ्या बायकोच्या आजारपणात डॉक्टर रोज बघूच म्हणायचा. ती गेली तरी मला हे विचारायचं सुचलं नाही.

पोरीला घेऊन मी थेट केबिनमध्ये घुसलो. "साहेब, हो की नाही ते एकदाच सांगा."

साहेब गडबडले. "बरं, सोमवारपासून येऊ दे."

ती जागची हलेना. "हे 'हो' आहे का?"

"हो गं बाई, हो!"