तिचा घोटा आणि माझा वेग

आमच्या शाळेत बेसबॉल सुरू झाला तेव्हा कवठे महांकाळात तो खेळ कुणाला धड माहीत नव्हता. मी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. माझी मैत्रीण कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं उकिडवी बसून तो झेलणारी. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून वर्षभरानं मोठी. माझा हात सणसणीत होता, पण चेंडू कुठं जाईल याचा मला स्वतःलाही भरवसा नसायचा. तिला असायचा. माझा खांदा जरा वाकडा फिरला की चेंडू हातातून सुटायच्या आधीच ती त्या बाजूला सरकलेली असायची.

सांगलीला विभागाच्या संघाची निवड होती. या वेळी मोजमापावर निवड होणार, असं सरांनी सांगितलं. पळण्याचा वेळ स्टॉपवॉचवर आणि फेकीचा वेग स्पीड गनवर. हायवेला पोलीस गाड्यांवर रोखतात तसलं यंत्र. ते माझ्या डोक्यातच बसलं. आदल्या संध्याकाळी सराव संपला, सरांनी कॅचरची पॅडं खोलीत ठेवून कुलूप लावलं, तरी मी तिला म्हटलं, "अजून थोडे टाकू दे गं. जोर लावून बघते."

"टाक की," म्हणत ती तशीच बिनपॅडाची बसली.

शेवटचा चेंडू मी सगळा जीव काढून फेकला. तो तिच्या पुढ्यात आपटला आणि उसळून थेट घोट्यावर बसला. तरी तिनं तो मागं जाऊ दिला नाही, अंगाखाली दाबून धरला. मग बराच वेळ ती उठलीच नाही.

सकाळी एसटीतून उतरताना घोटा टम्म सुजलेला. तिनं बुटाची नाडी आवळून बांधली.

"सरांना सांगूया," मी म्हटलं.

"गप गं. कळलं तर मला पळूच देणार न्हाईत. लय काय न्हाई झालेलं."

ती पळाली. अर्ध्यात पोचल्यावर तिचा पाय वाकडा पडायला लागला, पण थांबली नाही. घड्याळवाल्यानं वेळ मोठ्यानं सांगितला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. कॅचरसाठी वेगळी चाचणी नव्हतीच. सगळ्यांना एकच माप. माझी पाळी आली. मी फेकला, तर यंत्रवाल्यानं आकडा बघून शेजारच्याला बोलावून दाखवला. मी वळून पाहिलं. बूट काढून मातीत बसलेली ती टाळ्या वाजवत होती.

नावं वाचली. माझं होतं, तिचं नव्हतं. मी निवड करणाऱ्या सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. सुजलेला घोटा, माझा चेंडू, सगळं.

"बाळ, प्रत्येकीचं काहीतरी असतंच," ते म्हणाले. "मी कुणाकुणाचं ऐकू? घड्याळात आलं ते आलं."

माणूस वाईट नव्हता. मागं मुलींची रांग उभी होती. मी परत फिरले, आणि तेवढ्या चार पावलांत मला जाणवलं की आतून मला आनंद झालाय. तिच्यासाठी बोलून झालं होतं आणि माझी जागा शाबूत होती. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

साताऱ्याच्या स्पर्धेत माझी कॅचर होती आटपाडीची एक मुलगी. निवडीत सगळ्यांत जोरात पळालेली, स्वभावानं गोड. माझे चेंडू तिच्या डावीउजवीकडून मागं जायचे, ती धावत जाऊन आणायची, तोवर समोरच्या पोरी पुढच्या बेसवर, म्हणजे धाव काढताना गाठायच्या पुढच्या टप्प्यावर पोचलेल्या. आम्ही पहिल्याच दिवशी बाहेर पडलो. विभागाच्या संघाचे प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "एरवी तुझे चेंडू कोण धरतं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "आण तिला एकदा."

ते 'एकदा' लांबत गेलं. आधी तिचा घोटा नीट व्हायचा होता, मग बारावी आली, मग ती सांगलीला नर्सिंगला लागली. एका दुपारी ड्यूटीवर जाता जाता ती आमच्या सरावाच्या मैदानावर आली, ती युनिफॉर्मवरच. प्रशिक्षकांनी मला फेकायला लावलं. तिनं माझा चेंडू झेलला आणि बसल्या जागेवरून उठत दुसऱ्या बेसवर फेकला, तिकडं पळणारीला बाद करायला कॅचर फेकते तसा. त्यांनी घड्याळ बघितलं, पुन्हा फेकायला सांगितलं, पुन्हा बघितलं.

"हे माप तेव्हाच घ्यायला पाहिजे होतं," ते हळूच म्हणाले.

"आता कुठलं वो सर," ती हसली. "माझी बस जाईल."

पुढं मी महाराष्ट्राकडून खेळले. त्याच जोरावर शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. आता स्पीड गन माझ्या हातात असते. फेक मोजायच्या आधी मी प्रत्येक मुलीचा पाय, कोपर, खांदा दाबून बघते. मुली हसतात. कॅचरच्या फेकीचा वेळ मी वेगळा घेते. पण म्हणून माझं मन हलकं झालं, असं नाही.

मागच्या महिन्यात तिला भेटायला दवाखान्यात गेले. ती एका म्हातारीला सलाईन लावत होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला.

"आवं मावशी, ही बघा माझी पिचर. महाराष्ट्राकडनं खेळलीया."

म्हातारीनं मला न्याहाळलं आणि तिला विचारलं, "आन तू गं?"

"मी हिचं चेंडू धरायची," ती म्हणाली. इतक्या अभिमानानं म्हणाली, की मला वर बघवेना.