खिळ्याचा डाग

आमच्या गावात पाठ धरली की माणूस आधी सायमीमावशीकडं जायचा. सत्तरीची काटक बाई. सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ काढायच्या लाकडी खोलीत, पाठ शेकून झाली की गाईच्या शिंगांच्या तुंबड्या लावायची आणि दम भरायची, "आता लोळत पडायचं न्हाई. चालायचं. आन् ओंडका उचलताना पोटाशी धरायचा, नाचताना बाई धरता तसा."

माझा थोरला भाऊ तौनो लाकूडतोड्या. मार्चात ओंडका ओढताना त्याच्या कंबरेतनं कळ निघाली, ती दोन्ही पायांत उतरली. "चेटकिणीचा बाण," तो म्हणाला. आमच्यात कंबरदुखीला तेच नाव, आणि हा बाण आठवड्यात आपसूक निघतो असं सगळेच धरून चालतात. चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी त्याला धरून मावशीकडं नेला.

तो कण्हत बाकावर बसला, घाम काढला. मावशीनं त्याला पालथा निजवला आणि तिचा हात थांबला. कुल्ल्यावर नाण्याएवढा लाल फोड.

"बाकाच्या खिळ्यावर बसलास की रं. तापलेला खिळा. वरडला कसा न्हाईस?"

"लागलाच न्हाई."

"लाकूड तोडून लाकूडच झालाय," मी म्हणालो.

मावशी हसली नाही. तिनं मांडीच्या आतल्या बाजूला नखानं करकचून चिमटा काढला. "कळतंय?"

"काय?"

तिनं शिंगं बाजूला सारली. "मुतलास कवा?"

तौनो भिंतीकडं बघत राहिला. "आज बिअर प्यालो न्हाई."

"बिअरचं कोण इचारतंय?"

तौनोनं कपाळ बाकावर टेकवलं.

"सकाळपास्नं उभा ऱ्हातो. येत न्हाई."

"गाडी काढ," मावशी मला म्हणाली.

"सोमवारी बघू," तौनो म्हणाला. "बाणच हाय."

"दुखणाऱ्या पाठीला मी भीत न्हाई, गाढवा. हितं दुखायचंच बंद झालंय. कण्यातल्या नसा चेपल्यात. सोमवारपतूर कंबरेखालचं सारं गमावशील. मग बस बाण मोजत."

नव्वद किलोमीटर, रस्त्यावर बर्फ. मावशी मागं त्याच्याशेजारी बसली आणि दर गावाला त्याच्या पायाचा अंगठा हलवायला लावत होती. शेवटच्या दोन गावांत डावा हलला नाही.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं तर हा म्हणतो, "पाठ जरा धरलीय."

"खोटं बोलतोय," मावशी म्हणाली, आणि लघवीपासून बधिर मांडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. तौनोनं डोळे मिटून घेतले. तासाभरात त्याला शस्त्रक्रियेला नेलं.

अंगठा दुसऱ्या दिवशी हलला. लघवीचं मात्र कुणी खात्रीनं सांगेना. पाचव्या दिवशी नळी काढली आणि तौनो भिंत धरत मोरीत गेला. मी आणि मावशी दाराबाहेर उभे. दहा मिनिटं झाली. आत बारीक आवाज आला, थांबला, परत आला, आणि मग चालूच राहिला.

मावशीनं घड्याळ बघितलं. "दोनची बस गाठते," म्हणाली. "घरी दोन पाठी खोळंबल्यात."