दाजीपूरच्या रानात एक गाय कमी

"रानात चरणाऱ्या गाईंची तोंडं तपासायला येतेस का?" असं माझी कॉलेजमधली मैत्रीण सलमा हिनं विचारलं आणि मी एका पायावर तयार झाले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, कॉलेजला नाताळची सुट्टी होती. दाजीपूरच्या अभयारण्यात आसपासच्या वाड्यांची जनावरं चरत. त्यांना तोंडात-खुरांत फोड आणणारं लाळ-खुरकूत झालं तर ते गव्यांनाही लागेल, म्हणून तपासणीला स्वयंसेवक हवे होते.

कोल्हापूरच्या स्टँडवरून पहाटेची एसटी पकडली. राधानगरीत गरम भजी मिळतात. मी पोटभर खाल्ली आणि पुढच्या वळणांवर त्याची फळं भोगली. तुम्ही जाल तेव्हा दोनच खा. शाल मात्र प्रत्येकीची वेगळी न्या, आम्ही दोघींनी एकाच शालीत रात्रभर ओढाओढी केली.

काम सोपं होतं. सकाळी जनावरं सुटताना सलमानं तोंड आणि खूर बघायचं, मी वहीत लिहायचं. तिच्या घरी म्हशी, त्यामुळे ती बिनधास्त गाईच्या जबड्यात हात घालायची. मी शिंगांपासून चार हात लांब. एका जरी जनावराला फोड दिसला तरी अख्ख्या वाडीची चराई बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या गंगूमावशींच्या चार गाईंपैकी तीनच बाहेर आल्या.

"चंद्री कुठंय?" मी विचारलं.

"ती व्हय? भनीकडं धाडलीया, फोंड्याला."

गाय माहेरपणाला गेल्याचं मी प्रथमच ऐकत होते. मावशींनी घाईघाईनं चहा दिला. पहिला घोट घेतला आणि घरातून हंबरणं ऐकू आलं.

"मांजर हाय," मावशी म्हणाल्या.

"लई थोरलं मांजर हाय की, मावशी!" सलमा म्हणाली आणि सरळ आत गेली.

चुलीशेजारी चंद्री एक पाय उचलून उभी होती. मावशी मटकन खाली बसल्या. "मागं खुरकुतानं माझी बैलजोडी गेली, पोरींनो. काल ही लंगडाय लागली. खूर बघायचं धाडसच हुईना. हिच्यापायी वाडीची चराई बंद झाली तर मी कुणाला तोंड दावू?"

सलमानं आधी तोंड बघितलं. जीभ स्वच्छ. मग खूर उचलला, बोटांनी चाचपला आणि ओरडली, "काटा हाय, काटा!" करवंदीचा चांगला लांब काटा तिनं उपसून काढला. चंद्रीनं लाथ झाडून चहाचं भांडं उडवलं. मावशी हसत होत्या, रडत होत्या आणि मलाही रडू आवरेना. मग भाकरी, ठेचा, दही. इतकं चविष्ट जेवण मी आजवर जेवले नाही.

निघताना मावशींनी माझा हात धरला. "खरं सांग, फोड असता तर लिवलं असतंस?"

"हो," मी म्हणाले.

"लिवायलाच पायजे. रानातली जनावरं बी कुणाची तरी हायतच की." आणि वर दह्याचा आणखी एक वाडगा पुढे केला.

घरी पोचले तर आईनं शेणाच्या वासामुळे मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. अंगावर गरम पाणी घेताना मी एकटीच हसत होते. मावशींचा प्रश्न मात्र तेवढा राहिला. त्या सकाळी त्यांचा चेहरा बघून माझी पेन्सिल वहीवर टेकली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.