चिंधीची न पडलेली शिवण

समोरच्या माणसाचं तोंड नंतर, आधी त्याच्या अंगावरची शिवण बघायची, ही शिंपीणबाईंची जुनी खोड. डॉक्टरीणबाईंच्या कोटाची उसवलेली बाहीसुद्धा त्यांनी दवाखान्यातच ओढून धरली होती. अशा बाईंनी जन्मात एकच शिवण न बघता सोडली, आणि तीच नडली.

चिंधी त्यांची कुत्री. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात सापडली म्हणून चिंधी. ती वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पिशवी काढून घ्या हिची. नाहीतर पुढे गर्भाशयात पू होतो, आणि मग कितीही धावपळ केली तरी जनावर हाती लागेलच असं नाही."

दिवस ठरला. नेमके त्याच दिवशी शाळेचे साठ गणवेश द्यायचे होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मी नेतो की. तू शीव निवांत." दोन गल्ल्या सोडून त्याचं केस कापायचं दुकान होतं.

संध्याकाळी तो चिंधीला कडेवर घेऊन आला. पोटावर केस काढलेला चौकोन, मधोमध पट्टी. "पंधरा दिवस हात लावू नकोस, टाके तुटतील. पट्टी मी बदलीन." खरंच रोज येऊन बदलली हो त्याने! बाई त्या चौकोनाच्या कडा बघून म्हणाल्या, "काय रेघ धरलीय रे! दवाखान्यातली माणसं कामाला चोख दिसतात." भाऊ हसला.

केस वाढले. पुढे फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तर म्हणाला, "होतं असं कधीकधी, डॉक्टर म्हणाल्या होत्या." चिंधी एकटी कधी बाहेर पडत नसे, त्यामुळे पिल्लांचा प्रश्न आला नाही. भावाचा शब्द, मग विचारायचं कुणाला?

सात वर्षांनी चिंधीने खाणं टाकलं. नुसतं घटाघटा पाणी प्यायची. शेपटीखाली घाण वास यायला लागला.

"पिशवी पुवाने भरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुठली पिशवी? ती काढलीय!"

"मग व्रण दाखवा."

मदतनिसाने पोटावर केस काढायचं मशीन फिरवलं. वाकडंतिकडं, मध्ये केसांचे पुंजके ठेवून. खाली कातडी कोरी, एका टाक्याची खूण नाही. बाईंना तो जुना चौकोन आठवला. तशी रेघ कुणाच्या हातची, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

भाऊ धावत आला. "ताई, दारापर्यंत नेली होती गं. आत कुत्रं किंचाळलं, मला दया आली. मग तुला सांगायची हिंमत होईना."

"परत आणलीस ते सोसलं असतं मी. दुसऱ्या दिवशी मीच नेली असती. पण पट्टी कशाला बांधलीस? पंधरा दिवस माझ्यासमोर बसून ती बदलत कशाला राहिलास?"

 भावाचा आवाज ऐकून टेबलावरच्या चिंधीने शेपूट हलवली. ते बघून बाईंना आणखीच संताप आला. "बाहेर हो," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, पण विष अंगात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी गेली.

बाईंनी तिच्या पोटावरच्या टाक्यांवरून सावकाश बोट फिरवलं. सरळ, सारख्या अंतराचे, कुठेही चूक नाही. ही शिवण सात वर्षांपूर्वी पडायला हवी होती.