मिरेकच्या टाचेची रेघ

साल २०२३, मार्च महिना, माझं वय एकोणसत्तर. पहिलंच सांगतो — भूत, करणी, भानामती, मी काही मानत नाही. आमच्या घरात अंगारा नाही, गंडादोरा नाही. कुणी नवसाची गोष्ट काढली तर मी त्याला चहासुद्धा विचारत नाही. चौथीपर्यंत शिकलोय, पण डोकं शाबूत आहे. नात सोनल म्हणाली, आबा, इथं लोक असे अनुभव लिहितात आणि वाचणारे खुलासा देतात. द्या मग खुलासा. मी शोधून शोधून कंटाळलो.

जागा नाशिक रोड. रेल्वे लाइनच्या अलीकडं एका संस्थेचं फुटबॉल ग्राऊंड. तीन बाजूंना डोक्याच्या वर भिंत, चौथ्या बाजूला लोखंडी गेट. एकच गेट. तिथलं गवत, पाणी, रोलर आणि चुन्याची फक्की एकतीस वर्षं माझ्याकडं. माझी रेघ वाकडी म्हणणारा अजून जन्मला नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

जन्मला होता. चेक देशात.

त्या थंडीत बाहेरच्या एका क्लबानं दीड महिना ग्राऊंड सरावाला घेतलं. त्यांचा गोलकीपर मिरेक. वय अडतीस, दारातून वाकून जाणारा गडी. असिस्टंट कोच कोल्हापूरचा, त्यामुळं मला सगळं मराठीत कळायचं. मिरेकनं पोरवयात घर सोडलं. पोलंड झालं, सायप्रस झालं, कझाकस्तान, व्हिएतनाम, आणि आता आपल्याकडं.

"निम्मं आयुष्य बाकावर गेलं त्याचं, आबा," कोच म्हणाला. "पहिल्या कीपरचं बोट मोडलं तरच याला चान्स."

बिचारा. पण त्याला एक खोड होती. सरावाच्या आधी दोन्ही खांबांना हात लावायचा, मधोमध यायचा, आणि बुटाच्या टाचेनं गोललाइनपासून पुढं हातभर जमीन उकरायचा. माझं गवत!

"सगळे कीपर करतात," कोच म्हणाला. "खेळताना मागं वळून बघायला वेळ नसतो. पायाखालची रेघ बघितली की पाठीमागं गोल कुठं आहे ते कळतं."

"मग मी फक्की कशाला मारतो? पेनल्टीचा ठिपका काय शोभेला काढलाय?"

त्यात त्याची रेघ माझ्या ठिपक्यासमोर यायचीच नाही. चार बोटं डावीकडं. मी त्याला नेऊन दाखवलं. तो त्याच्या भाषेत कायतरी बोलला, दोन्ही खांबांवर थापा मारल्या, ठिपक्याकडं बोट केलं आणि जोरात मान हलवली. मी मराठीत शिव्या दिल्या. त्यानंही दिल्या असाव्यात, सूर तोच होता. दीड महिना आमचं हेच... सकाळी तो उकरणार, संध्याकाळी मी माती आणि हरळीची मुळं घालून बुजवणार.

फेब्रुवारीच्या मध्याला त्याचा गुडघा गेला. या वयात गुडघा गेला म्हणजे खेळ संपला. निघताना काठी टेकत माझ्यापाशी आला, हात पुढं केला. माझा हात पाइपानं ओला होता म्हणून मी दिला नाही. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं.

तो गेला. मी रेघ शेवटची बुजवली, हरळी धरली, विषय मिटला.

मग मार्चात एक दिवस सकाळी दहाला सेक्रेटरी साहेब आले. "आबा, उद्या आठला जिल्ह्याची माणसं ग्राऊंड तपासायला येतायत. स्पर्धा आपल्याला मिळाली तर बरं. नाहीतर कमिटी म्हणते, काम एजन्सीला देऊन टाका, त्यांच्याकडं मशीन आहे. आणि ते गोलासमोर उकरलंय, तेवढं बघा."

"कुठं उकरलंय? मी बुजवून महिना होत आला."

जाऊन बघतो तर रेघ. ताजी! टाचेची, हातभर, त्याच जागी. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. माती घातली, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकलं. चुन्याची पोती आत ठेवून आलो — परत रेघ.

गेटवर रफीकभाई होता, आमचा वॉचमन. पंधरा वर्षं एकाच डब्यातलं खाल्लंय आम्ही.

"कुणाला आत सोडलं रे?"

"गेटला कुलूप हाय, आबा. किल्ली माझ्या खिशात. चिमणी आली असंल तर माहीत नाय."

दुसऱ्यांदा बुजवली. साडेबाराला परत तेच. तेव्हा रफीकभाई हसला. "आबा, वाईट मानू नका... तुम्हीच उकरता आणि विसरता. आमच्या मामूचं असंच झालं होतं. चष्मा डोळ्यावर, आन् शोधायचे घरभर."

हे मला लागलं. काम गेलं तर गेलं, पण आबाचं डोकं फिरलं म्हणून गेलं, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्यांदा बुजवली आणि तिथंच बादली पालथी घालून बसलो. उन्हात. नजर हलवली नाही. तीनच्या सुमाराला रफीकभाईनं हाक मारली, "आबा, दोन घास खाऊन तरी घ्या!" मी मान वळवून "नको" म्हणालो. एवढंच. मान परत आणली तर रेघ होती. ओली माती दोन्ही बाजूंना उडालेली, आणि माझ्या पायजम्यावर तिचे शिंतोडे.

भीती नाही वाटली. संताप आला. हे काय चाललंय माझ्या ग्राऊंडवर?

चारला सोनल कॉलेजातून आली. तिला म्हणालो, त्या कोल्हापूरवाल्याला फोन लाव. कोचनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थांबा, मिरेकलाच जोडतो." मोबाइलवर मिरेक दिसला. पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेलं. सोनलनं त्याला रेघ दाखवली. त्यानं मोबाइल डोळ्याजवळ नेला. मग बोलला आणि कोचनं सांगितलं —

"आबा, तो म्हणतोय, सकाळपासून त्याचा चांगला पाय आपोआप हलतोय. टाच गादीवर घासते. चारदा झालं. चादर फाटली, बायको ओरडतेय."

मागून बाईचा आवाज येतच होता. भाषा कळली नाही, पण वैताग कळला. तो माझ्यासारखाच होता.

"त्याला म्हणावं, पाय बांधून ठेव! उद्या माझी तपासणी आहे."

कोचनं सांगितलं. मिरेक हसला नाही. दोन्ही हात लांब केले, मग जवळ आणले.

"तो म्हणतोय, मोजलं का? दीड महिना तेच सांगत होतो म्हणतोय."

फोन ठेवला. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. पण सोनलच्या समोर नाही कसं म्हणणार? दोरी काढली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणली, बरोबर निम्मी दुमडली आणि खांबाला लावली. दोरीचं टोक मिरेकच्या रेघेवर आलं. माझ्या खुंटीवर नाही.

खुंटी म्हणजे गोललाइनच्या मधोमध जमिनीत ठोकलेला लोखंडी तुकडा. फक्कीची सगळी मापं मी तिच्यापासून घेतो. खांब दोन वर्षांपूर्वी बदलले. नवे बसवताना चार बोटं सरकले, आणि मी एकदाही मोजलं नाही. खुंटी मी ठोकलेली होती... मग मोजायचं कशाला?

सोनल दोरी गुंडाळायला लागली. रफीकभाई गेटावरून बघत होता. त्यापेक्षा दोघं हसले असते तर बरं झालं असतं.

आता खुलासा सांगा. कुणी म्हणतं मुंगूस असेल, कुणी म्हणतं उन्हानं भ्रम झाला. मुंगूस दोरीनं मोजून उकरतं का? आणि भ्रम झाला तर शिंतोडे कुठले? चौथ्यांदा बुजवल्यावर रेघ परत कधी आली नाही. काम माझ्याकडंच राहिलं, एजन्सी नाही आली. पण चुकलेलं दाखवायचंच होतं तर असं दिवसभर माझा जीव खाऊन का दाखवायचं, आणि दाखवणारा कोण, हे मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी ग्राऊंडवर गेलो. खुंटी उपटली, चार बोटं सरकवून ठोकली. त्या अर्ध्या भागातली जुनी फक्की पाणी मारून खराट्यानं घासून काढली आणि नवी मारली. आठला तपासणीची माणसं आली, सेक्रेटरी साहेब बरोबर. त्यांनी टेप उघडायच्या आधीच मी पुढं झालो. "दोन वर्षं ही आखणी चार बोटं चुकीची होती. चूक माझी. आज सरळ केलीय, मोजून घ्या."

मी टेपचं टोक तपासणीवाल्याच्या हातातून घेतलं आणि वाकून खांबाला लावून धरलं.