पाण्यात उलटलेला नंबर

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत एक बाई एकतीस वर्षं काचा घासत होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा असलेला मालकसुद्धा.

आताशा काचा कारखान्यातून तयार यायच्या. मावशींच्या चाकावर यायचे ते फक्त आडनिडे नंबर. सकाळी अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीला धुऊन-पुसून, भरवून त्या कामाला येत, तेव्हाच अर्ध्या दमलेल्या असत. उरलेल्या अर्ध्या संध्याकाळपर्यंत पुरवायच्या.

एके दिवशी एक पाणबुड्या आला. शहराला पाणी देणाऱ्या जलाशयात उतरून पाइपांच्या तोंडावरच्या लोखंडी जाळ्या साफ करायच्या, ढिले नट आवळायचे, हे त्याचं काम. वय पन्नास.

"मावशी, हाताच्या अंतरावरचं दिसेनासं झालंय. वर चष्मा आहे, पण खाली तो कुठे घालू?"

मावशींनी त्याच्या मास्कच्या दोन्ही सपाट काचा काढल्या आणि त्याच्या नंबरच्या दोन काचा घासून त्या जागी बसवल्या. पाणबुड्याने दुकानातच मास्क चढवून पेपर घडाघडा वाचून दाखवला. गिऱ्हाइकं हसली. तोही खूश होऊन गेला.

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा उजव्या हाताला बँडेज होतं.

"खाली सगळं बारीक आणि धूसर दिसत होतं," तो म्हणाला. "बघायला पुढे सरकलो, तर जाळी उचलायच्या साखळीत बोटं सापडली. जिवावरचं बोटांवर निभावलं म्हणायचं."

मालकाने काचा यंत्रावर तपासल्या. "नंबर अगदी बरोबर आहे. पाण्यात गाळ असेल हो!"

"असेल," पाणबुड्या म्हणाला. त्याला वाद घालायचं त्राण नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "मास्क ठेवून जा."

त्यांनी बादली भरली. औषधाची एक बाटली, लेबल वर येईल अशी, तळाशी आडवी टाकली. मग मास्क धरून वाकल्या. काच पाण्याच्या वर होती तोवर लेबल मोठं दिसत होतं. काच पाण्याला टेकली आणि लेबल एकदम आक्रसलं, अक्षरं विरघळल्यासारखी झाली. त्यांनी मास्क उचलला, पुन्हा टेकवला. सात-आठ वेळा. कंबर धरली तेव्हा थांबल्या.

चष्म्याची काच बाहेरून फुगीर आणि आतून खोलगट असते. बाहेरचा फुगवटा प्रकाश जोरात वळवतो, आतला खोलगटपणा त्यातला बराचसा जोर काढून घेतो, आणि उरतो तो नंबर. हे गणित मावशींना झोपेतही आलं असतं. पण ते बाहेर हवा असतानाचं. हवेतून काचेत शिरताना प्रकाश जितका वळतो, तितका पाण्यातून शिरताना वळत नाही. बाहेरच्या फुगवट्याचा जोर पाण्याने तिसऱ्या हिश्श्यावर आणला होता. आत मास्कमध्ये हवाच होती, तिथला खोलगटपणा पुऱ्या ताकदीचा राहिला. अधिकचा नंबर पाण्यात शिरताच उणे झाला होता. काचेपुढे पाणी असणार, हे एकतीस वर्षांत मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. ह्या पाणबुड्याने सांगितलं होतं, आणि त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

"कबूल करायची काही गरज नाही," सगळं ऐकून मालक म्हणाला. "कोण विचारतंय?"

दुपारी पत्ता घेऊन मावशी पाणबुड्याच्या घरी गेल्या. तीन जिने चढून दारात उभ्या राहिल्या तेव्हा बोलायला दम उरला नव्हता.

"चूक माझी होती," त्या कशाबशा म्हणाल्या. "काच पाण्यात उलटी वागते. गाळ नव्हता, तुझी हयगयही नव्हती."

पाणबुड्या खुर्चीत बसला.

"म्हणजे माझे डोळे गेले नाहीत?"

"छे रे."

"मला वाटलं, आता आंधळा होणार. हिलासुद्धा बोललो नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलात ते ह्यासाठी?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. रागवावं की हात जोडावेत हे तिला कळलं नसावं. मावशींना पाणी मात्र तिने आणून दिलं.

नव्या काचा मावशींनी बाहेरून सपाट ठेवल्या आणि सगळा फुगवटा आतल्या, हवेच्या बाजूला घेतला. चार दिवस लागले. उजवा खांदा इतका भरून आला की वेणी घालता येईना. पाणबुड्या बादलीत तोंड घालून बघत म्हणाला, "अक्षरं स्वच्छ दिसतात. पण जवळ आल्यासारखी वाटतात."

"ती पाण्याची करणी. तिथे माझा इलाज नाही."

दोन महिन्यांनी तो पुन्हा खाली उतरला. एक बोट कायमचं ताठ राहिलं होतं, पाना डाव्या हाताने धरायला शिकावं लागलं. त्या दिवशी तो ओल्या केसांनीच दुकानात आला. मावशी मागे भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्याने उठवू दिलं नाही.

"नटाचे आटेसुद्धा दिसले, म्हणावं," एवढं मालकाला सांगून तो गेला.

मालकाने संध्याकाळी निरोप दिला. मावशींनी ॲप्रन खुंटीला लावला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आणि उद्या मी येणार नाही. एक दिवस झोप काढते."

मालक काहीतरी बोलणार होता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नुसता "बरं" म्हणाला.