रांगेतला पहिला

संख्याशास्त्रातले आकडेवाले काका निवृत्त झाले, तरी इस्पितळातल्या डॉक्टरांचं कुठं अडलं की त्यांनाच बोलावणं यायचं. या खेपेचं काम भलतंच होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे दोन गट. एका गटाला दर रविवारी इस्पितळातल्या ताई फोन करून चार शब्द बोलणार, दुसऱ्याला काही नाही. एकटेपणात फरक दिसला तर फोन सगळ्यांना, नाहीतर कायमचे बंद.

बिनफोनवाल्या गटात एक माणूस कमी पडला. "काका, तुम्हीही एकटेच की!" डॉक्टर म्हणाले. बायको गेल्यापासून काकांना घरात भांडायलाही कोणी नव्हतं. झाले भरती.

आणि पहिल्याच रविवारी फोन वाजला! ताईंनी चुकून काकांचंही नाव फोनवाल्यांत धरलं होतं. "अहो, मी त्या गटातला नाही," एवढंच तर म्हणायचं. पण ताईंनी विचारलं, "जेवलात का?" आणि या शहाण्या माणसाची दातखीळ बसली. मग काय, दर रविवारी स्वारी सकाळीच गुळगुळीत दाढी करून फोनपाशी हजर. फोनवर दाढी कोण बघतंय? पण नाही!

शेवटी प्रत्येकाचा एकटेपणा गुणांत मोजला. माणसं थोडी, त्यात एकदोघं इतके एकटे की सरासरी पार बिघडायची. म्हणून काकांनी आपली जुनी रीत धरली. दोन्ही गट मिसळून सगळ्यांना एकाच रांगेत लावायचं, सर्वांत कमी एकटा तो पहिला. कोण कितीने मागे ते विसरायचं, नुसते क्रमांक धरायचे आणि गटागटाने त्यांची बेरीज ताडून बघायची. फोनवाले बरेच पुढे होते. पण पहिल्या क्रमांकावर बिनफोनवाल्यांतला एकजण ठाण मांडून बसला होता. तो म्हणजे काका. त्यांच्यापायी फरक सिद्ध होता होता राहत होता.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अहो काका, कमाल केलीत!" डॉक्टर हसले. "तुमचं नाव यादीतूनच काढून टाकू." नाव निघालं आणि फरक स्वच्छ दिसला. "झालं! आता यादीतल्या सगळ्यांना फोन जाणार."

"आणि मला?" हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुन्हा दातखीळ बसली.

रविवारी त्यांनी सकाळीच दाढी केली आणि फोनपाशी जाऊन बसले.